उतरून चालायच्या जागा

‘या वयात सायकल?’ हा प्रश्न गेल्या तीन वर्षांत मला इतक्या जणांनी विचारला, की आता उत्तर तयारच असतं. मी म्हणतो, ‘या वयातच.’ त्रेपन्नाव्या वर्षी रक्तात साखर वाढल्याचं कळलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं आणि रोज घाम येईल असं काहीतरी करा म्हणाले. नुसतं चालायचा मला कंटाळा. पोहायला येत नाही. उरली सायकल. दुकानात गेलो आणि माझ्या पहिल्या पगाराच्या कितीतरी पट किंमत मोजून एक गियरची सायकल घेऊन आलो. तिला स्टँड नव्हता, मडगार्ड नव्हतं, कॅरियर तर नव्हताच. घरी आणल्यावर पहिला विचार मनात आला तो हा, की अब्बा असते तर म्हणाले असते, ‘अर्धीच दिली की रे तुला!’

माझे अब्बा कल्हईवाले. वाईत आमचं घर. अब्बांची काळी, दांड्याची सायकल होती. कॅरियरवर चामड्याचा भाता, सांडशी, कोळशाचं पोतं आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीत कथिलाच्या कांड्या आणि नवसागर. एवढा संसार बांधून ते कृष्णेच्या खोऱ्यात वर वर जायचे. मेणवली, धोम आणि त्याच्याही पुढची गावं. दोन-तीन दिवसांनी परत यायचे, तेव्हा हाताची बोटं काळी आणि डोळे धुरानं लाल झालेले असायचे.

अब्बा रस्ता किलोमीटरमध्ये मोजत नसत. त्यांचं माप वेगळं होतं. ‘उतरून चालायच्या जागा’ किती, यावर ते गाव जवळचं की लांबचं ठरवायचे. ‘मेणवलीला एकही नाही. धोमला एक. त्याच्या पुढं मोजू नको.’ मी बी. ए. झालो, नोकरीला लागलो, कविता लिहू लागलो. पण त्यांच्या त्या रस्त्यावर मी धोमच्या पुढं कधी गेलो नव्हतो. गेलो तो पन्नाशी उलटल्यावर, या अर्ध्या सायकलवरून. आणि मग त्यांचं ते माप किती शहाणपणाचं होतं ते गुडघ्यांना कळलं.

आज मला तेच सांगायचं आहे. सायकलवरून जाताना आपण चढ मोजत असतो, आणि आपल्याकडची गावं, पाणी, जंगल ही जिथं आहेत तिथं का आहेत, याचं बरंचसं उत्तर त्या चढात असतं. मोटारीत बसलेल्याला चढ कळत नाही. तो इंजिनाला कळतो.

आधी वेगाचं पाहू. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर जाते, माणूस पाच चालतो, मोटार पन्नासनं पळते. खोऱ्यातल्या रस्त्यावर माझी सायकल तासाला बारा ते पंधरा जाते. हा वेग असा आहे, की एका सकाळी पाच-सहा गावं होतात, आणि तरीही ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याशी ‘काय चाललंय?’ एवढं बोलणं होतं. याला ताकदही फार लागत नाही. चालताना प्रत्येक पावलाला आपण आपलंच शरीर थोडं उचलतो आणि खाली टेकवतो. सायकलवर वजन चाकांनी पेललेलं असतं. म्हणून सपाट रस्त्यावर तेवढंच अंतर कापायला चालण्याच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा ताकद पुरते. मात्र वेग वाढवला, की हवा आडवी येते. वेग दुप्पट करायचा, तर नुसती हवा कापायला आठपट जोर लागतो. सायकल घाई करणाऱ्याला महाग पडते, सबुरीच्या माणसाला स्वस्त.

वाई सोडली की तीन किलोमीटरवर मेणवली. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद, मध्येच एखादा वड. पाऊस सरल्यावर, कार्तिकात सकाळी सहाला निघावं. नदीवर धुकं असतं आणि गुऱ्हाळाचा वास अंगावर येतो. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पेशव्यांच्या कारभाराची हजारो कागदपत्रं याच वाड्यात सांभाळली गेली. वाड्यामागं नदीवर घडीव दगडी घाट, घाटावर देवळं, आणि तिथं एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७०७ साल कोरलेलं आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. ‘स्वदेस’ चित्रपटामुळे हा घाट २००४ नंतर जगाला ठाऊक झाला. अब्बांना तो ठाऊक होता, कारण घाटावर बसून भाता मारायला सावली छान होती.

एवढं वैभव इथंच का? एक कारण सायकल सांगते. वाईपासून इथपर्यंत एकही उतरून चालायची जागा नाही. पालखी, गाडी, दगडांनी भरलेले बैल, सगळं बिनत्रासाचं येतं. काळी जमीन, बारमाही नदी आणि सपाट रस्ता जिथं मिळाला, तिथं वाडे उभे राहिले.

पुढं धोम. धौम्य ऋषींच्या नावाशी लोक या गावाचं नाव जोडतात. इथल्या महादेवाच्या देवळातला नंदी पाहण्यासारखा आहे. तो दगडी कासवाच्या पाठीवर बसला आहे आणि भोवती कमळाच्या आकाराचं कुंड आहे. कुंडात पाणी भरलं, की नंदी कासवासकट तरंगतोय असं वाटतं. ते पाहून मान वर केली, की समोर धरणाची भिंत दिसते.

हे धोम धरण १९७०च्या दशकात झालं. धरणाच्या पाण्याखाली खोऱ्यातली सर्वांत चांगली, नदीकाठची जमीन गेली. घरं गेली. माणसं दुसरीकडे वसवली गेली. अब्बांचं निम्मं गिऱ्हाईक त्यात गेलं. ‘रस्ता वर गेला,’ एवढंच ते म्हणायचे. लहानपणी मला त्याचा अर्थ कळला नव्हता. सायकलवर तो पहिल्या अर्ध्या तासात कळतो.

जुना रस्ता नदीच्या सोबतीनं जायचा. नदी उतार शोधत येते, त्यामुळे तिच्या काठचा रस्ता आपोआप सोपा असतो. तळं भरलं आणि रस्ता डोंगराच्या कुशीत चढवावा लागला. आता तो प्रत्येक ओढ्याला आत वळतो, मोरीवरून पलीकडे जातो, डोंगराच्या सोंडेला वळसा घालतो आणि पुन्हा आत. समोरचं गाव हाताच्या अंतरावर दिसतं, पण पोचायला अर्धा तास लागतो. प्रत्येक ओढ्यात उतार, प्रत्येक सोंडेवर चढ. अब्बांच्या हिशेबात जी एक जागा होती, तिच्या कितीतरी झाल्या. एका धरणानं कल्हईवाल्याच्या पायांवर काय कर बसवला, तो कुठल्याही सरकारी कागदात सापडणार नाही.

इथं गियरविषयी थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं गियरनं सायकल आपोआप चढते. तसं काही नाही. अब्बांच्या सायकलला पुढच्या चक्राला अठ्ठेचाळीसच्या आसपास दाते आणि मागच्या चक्राला एकोणीस-वीस. पायडल एकदा फिरवलं, की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरायचं आणि सायकल साडेपाच मीटर पुढं जायची. माझ्या सायकलच्या सर्वांत हलक्या गियरला पुढे चौतीस, मागे चौतीस दाते. पायडल एक फेरा, चाक एक फेरा, जेमतेम दोन मीटर. आता समजा, शंभर मीटरला पाच मीटर असा चढ आहे. अब्बांना पायडलच्या एका फेऱ्यात स्वतःला, सायकलला आणि कोळशाच्या पोत्याला सव्वा वीत उचलावं लागे. मला तेवढ्याच फेऱ्यात अर्धी वीत उचलावं लागतं. वर पोचेपर्यंत काम त्यांनाही तेवढंच आणि मलाही तेवढंच. फरक हप्त्यांचा. धान्याचं पोतं एकदम खांद्यावर घेऊन माळ्यावर चढवणं आणि तेच धान्य पायलीपायलीनं नेणं, असा हा फरक आहे. अब्बांना हप्त्यांची सोय नव्हती, म्हणून ते उतरत आणि ढकलत नेत.

वाईहून समोर दिसणारा पसरणीचा घाट हे याचं चांगलं उदाहरण. शाहीर साबळ्यांचं हे पसरणी. वाई समुद्रसपाटीपासून साधारण सातशेवीस मीटरवर, पाचगणी बाराशेनव्वदच्या आसपास. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरमध्ये सुमारे पावणेसहाशे मीटर चढायचं. सत्तर किलोचा माणूस आणि पंधरा किलोची सायकल एवढी वर न्यायला शरीराला पाचशेच्या आसपास कॅलरी खर्चाव्या लागतात. आपल्या भाषेत अडीच-तीन भाकरी. घाटात मी मिनिटाला साठ-पासष्ट फेरे ठेवतो, हलका गियर लावतो आणि बोलता येईल एवढाच दम लागू देतो. बोलणं तुटलं, की समजावं आपण आपल्या ऐपतीबाहेर चाललोय. लोक विचारतात, सायकलवर कविता सुचतात का? चढावर एकही नाही. तिथं फक्त श्वास मोजायचा असतो.

पण पसरणीच्या घाटात गाड्यांची गर्दी. मला ओढ खोऱ्याची. धोमचं पाणी मागं टाकलं, पुढचं बलकवडीचं छोटं धरण ओलांडलं, की रस्ता अरुंद होतो आणि झाडं जवळ येतात. डावीकडे कमळगडाचा डोंगर आणि समोर महाबळेश्वरच्या पठाराचे कडे. खोऱ्याच्या टोकाशी जोर नावाचं गाव आहे, वाईपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा डोंगर उतरून याच बाजूला येते. इथून अरबी समुद्र डोंगरापलीकडे इतका जवळ, की कड्यावरून स्वच्छ दिवशी तिकडची चमक दिसावी. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते.

या प्रवासात हळूहळू सगळं बदलतं, आणि ते बदलताना दिसतं ते सायकलवरूनच. वाईजवळ बाभूळ आणि कडुनिंब होते. पुढं जांभूळ, हिरडा, अंजनी दिसू लागतात. रस्त्याच्या कडेला कारवी दाटते. घरांची छपरं जास्त उतरती होतात, ओसरीपुढं पावसाचा मारा अडवायला झड बांधलेली असते. याचं कारण पाऊस. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटरवर वाई. तिथं पोचेपर्यंत त्याचा सातवा-आठवा हिस्सा उरतो. म्हणजे जोरच्या रस्त्यावर आपण दर किलोमीटरला पावसाच्या दिशेनं चढत असतो. पुस्तकात हे ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ या नावानं शिकलो होतो. परीक्षेत दोन गुण मिळाले होते. ती छाया अंगावरून सरकताना कळली ती मात्र या रस्त्यावर.

जंगलात सायकल किती आवाज करते, हे तिथं गेल्याशिवाय कळत नाही. पायडल मारणं थांबवलं, की मागच्या चाकातून टिक टिक टिक ऐकू येते. फ्रीव्हीलच्या आत दोन छोट्या खिट्ट्या असतात. सायकल दुरुस्त करणारे त्यांना ‘कुत्ते’ म्हणतात. पायडल मारताना हे कुत्ते दात धरून ठेवतात आणि चाक फिरवतात. थांबलं की दातांवरून घसरत जातात आणि भुंकतात. म्हणून जंगलात उतारावरही मी पाय हलके फिरवत ठेवतो. कुत्ते गप्प बसतात. मग शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते, फांदीवरून फांदीवर उडी मारणारं शेकरू दिसतं. गव्यांचा वावर आहे, म्हणून ऊन कलायच्या आत या पट्ट्यातून बाहेर पडायचं, हा नियम मी पाळतो.

एक नियम मात्र मी मोडला होता, तो सांगायलाच हवा. गेल्या वर्षी, सकाळची साखरेची गोळी घेतली आणि ‘पुढं कुठंतरी खाऊ’ म्हणून न खाताच निघालो. खोऱ्यात वर हॉटेल नाही, हे ठाऊक असून. मेहनत करताना स्नायू रक्तातली साखर भराभर ओढून घेतात. त्यात गोळीचा असर. दोन्ही एकदम झालं की साखर धाडकन उतरते. एका चढावर हात थरथरायला लागले, थंड घाम फुटला, समोरचा रस्ता दोन झाला. ती माझी उतरून चालायची जागा. चाललो कसला, पहिल्या घराच्या ओसरीवर जाऊन बसलो.

घरात एक म्हातारी होती. माझ्याकडं एक नजर टाकून ती म्हणाली, ‘बसा वाईच. तोंड पांढरं पडलंया.’ मी फक्त ‘साखर’ एवढंच म्हणालो. तिनं मूठभर साखर आणि पाणी दिलं, मग चहा ठेवला. दहा-पंधरा मिनिटांत रस्ता पुन्हा एक झाला.

‘कुठलं म्हनायचं तुमी?’

‘वाईचा. माझे वडील पूर्वी इकडं यायचे. कल्हईवाले.’

तिला अब्बा आठवले नाहीत. ‘लई यायचे तवा कल्हईवाले,’ ती म्हणाली. पण ती उठली, आत गेली आणि एक पितळी पातेलं घेऊन आली. आतून पिवळंधमक, तळाशी हिरवट डाग. ‘सासूबाईचं हाय. यात आमटी करायची म्हटलं तर कळकती. तुमास्नी येती का करायला?’

मी नाही म्हणालो. का कोण जाणे, त्या एका ‘नाही’ची मला जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात कुठल्या परीक्षेत वाटली नाही. कल्हई कशी करतात ते मी सांगू शकतो. पितळेत आंबट शिजवलं की तांबं अन्नात उतरतं, ते कळकतं. म्हणून भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकून मळ जाळायचा, कथिलाची कांडी टेकवायची. कथिल दोनशेबत्तीस अंशांना वितळतं. मग कापसाच्या बोळ्यानं एका हातात ते सगळीकडं फिरवायचं. बोलायला एवढं येतं. हात चालत नाही. अब्बांनी मला मुद्दाम शिकवलं नाही. माझे डोळे लाल होऊ नयेत म्हणून.

मी ते पातेलं मागून घेतलं. ‘करून आणून देतो,’ म्हणालो. पण न्यायचं कसं? सायकलला कॅरियर नाही. शेवटी तिच्या नातवानं सुतळीनं ते माझ्या पाठीला बांधलं, आणि मी धोमपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्यात ठण्‌ ठण्‌ वाजत उतरलो.

वाईत कल्हई करणारं आता कुणी सापडलं नाही. चौकशी करता करता साताऱ्याच्या बाजाराच्या दिवशी एक गृहस्थ भेटले. भात्याऐवजी त्यांच्याकडं विजेचा पंखा होता, पण हात जुना होता. दरम्यान मी सायकलच्या दुकानात जाऊन कॅरियर बसवून घेतला. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘काका, या सायकलला कुणी कॅरियर लावत नाही. वजन वाढतं.’ मी म्हटलं, ‘वाढू दे.’

तुम्हालाही असं कुठं जावंसं वाटलं, तर चार गोष्टी सांगतो. पन्नाशीपुढं असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. साखरेचा त्रास असेल, तर खाल्ल्याशिवाय निघू नका आणि खिशात गूळ-शेंगदाणे, साखरेची पुडी ठेवाच. पंक्चरचं सामान आणि पंप जवळ हवा. खोऱ्यात दुकानं नाहीत. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, तापतो. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. मागं लाल दिवा लावा. सायकल महागच हवी असं नाही. जुनी काळी असली तरी चालेल. फक्त चढावर उतरायची लाज वाटू देऊ नका.

पातेलं परत द्यायला गेलो, ती पौषातली सकाळ होती. कॅरियरवर ते घट्ट बांधलं होतं. धोमच्या पुढं दुसऱ्या सोंडेवरच्या चढावर हलका गियर होता, दमही होता, पण मी उतरलो आणि सायकल हातात धरून चालत गेलो. खाली धरणाचं पाणी शांत होतं. त्याच्या तळाशी कुठंतरी जुना रस्ता असेल, सोपा, नदीच्या सोबतीचा. चढ संपल्यावर पुन्हा बसलो.

म्हातारीनं पातेलं उन्हात धरून आत पाहिलं. चांदीसारखं चकचकीत झालं होतं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, ‘आज खाऊन आलाय न्हवं?’

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)